निळ्याला दुकान नाही

आमच्या डोंगरात निशाण म्हणजे खबर.
बांबूच्या टोकाला पांढरं फडकं : ज्वारीची बिअर तयार आहे.
पिवळं : मक्याची.
लाल : आज बोकड कापलाय.
हिरवं : कोबी, पालक, या आणि न्या.
अक्षर न येणाऱ्यालाही हे वाचता येतं,
तहानेला शाळा लागत नाही.

माझ्या दारातलं पांढरं न्याकालो चढवायची,
सहा वर्षांची होती तेव्हापासून.
पिंपाला कान लावायची, "बोलतंय" म्हणायची,
आणि पळत जाऊन बांबू उभा करायची.
ऑगस्टचं वारं आमच्याकडे दगड हलवतं.
मी सांगितलं होतं, वाऱ्याला छाती द्यायची नाही,
खांदा द्यायचा.
डावा हात खाली, उजवा कानाशी.
एवढंच मी शिकवलं.
धावायला शेळ्यांनी शिकवलं.

राजधानीतून न्टाटे लेफूचा फोन आला.
पाच जण गेलेत आमच्या देशातून.
बॉक्सरची लढत दुसऱ्याच सकाळी,
पोहणाऱ्या पोराचं पोट बिघडलेलं,
उरलेल्या दोघांची विमानं उशिरा.
न्याकालोची मॅरेथॉन सगळ्यात शेवटी,
म्हणून झेंडा तिच्याकडे.
"मान मोठा आहे, मान्याकालो," तो म्हणाला.
(पोरगी झाली आणि माझं जुनं नाव गेलं.
आमच्यात आईला लेकराच्या नावानं हाक मारतात.)
मी विचारलं, काठी केवढी आहे?
तो हसला.
मी नाही हसले.

रात्री रेचाबिलेच्या दुकानात तेरा माणसं
आणि मिठाच्या पुड्याला टेकवलेला एक फोन.
बाहेर बर्फ. आत ब्लँकेटं, रॉकेलचा वास.
देशामागून देश चालले होते,
आमचं अक्षर त्यांच्या लिपीत कितवं, कुणाला ठाऊक.
बॅटरी एकोणीस टक्के.
मग नऊ.

मग ती.

अकरा सेकंद.
बोलणारा तिचं नाव चुकला
आणि आमचा देश किती उंचावर आहे ते सांगत बसला.
मी फक्त हात पाहिले.
डावा खाली. उजवा कानाशी.
वारा नव्हताच तिथे, वर छप्पर होतं बहुतेक,
तरी पोरीनं खांदा दिलेला.

म्हाताऱ्या त्सेपांगला दिसत नाही.
"काय काय आहे?" त्यानं विचारलं,
गावात विचारतात तसं.
पांढरं आहे, मी म्हटलं. हिरवं आहे.
"आणि वर?"
निळं.
"निळ्यात काय मिळतं?"
कुणाला सांगता येईना.
निळ्याला आमच्याकडे दुकान नाही.
शाळेतला एक पोरगा म्हणाला, निळं म्हणजे पाऊस.
"मग उधारीवर असेल," म्हातारा म्हणाला,
आणि दुकान हसलं,
त्या हसण्यात फोन विझला.

मी नाही सांगितलं त्याला
की मधे एक काळी टोपी आहे,
आपली गवताची, शेंड्याला गाठ असलेली,
आणि तिच्याखाली माणूस नाही.
मोलेफी सोन्याच्या खाणीत उतरला
तेव्हा त्याची टोपी खुंटीवर राहिली.
अजून तिथेच आहे.
खाली चूल लागते, तिला धूर लागतो.

पिंप रिकामं झालं की निशाण उतरवायचं,
हा आमचा कायदा.
नाहीतर माणूस दोन डोंगर चढून येतो
आणि तुझ्या सात पिढ्या काढतो.
दुसऱ्या दिवशी माझं पिंप पालथं होतं,
तळाला थेंब नव्हता.
तरी मी बांबू उभा केला.
आयुष्यात पहिल्यांदा फडक्यानं खोटं बोलले.

दुपारपर्यंत तिघे आले, मिशांवर बर्फ घेऊन.
"कुठे आहे?"
नाही.
"मग हे कशाला?"
मी म्हटलं, बसा, चहा टाकते.
एकजण शिव्या देत परत गेला.
दोघे बसले.

मॅरेथॉनला अजून पंधरा दिवस आहेत.
ज्वारी भिजत घातलीय.